पिल्लांची डबी

९ फेब्रुवारी

घरात तीन मासे आलेत. मला कोणी विचारलं नाही. बटण शाळेतून आली ती जॅमची बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून, पायरी पायरी जपत. तिच्या वर्गमैत्रिणीचं घर बदलतंय, नव्या घरात मासे नकोत म्हणून तिच्या वडिलांनी सांगितलं, आणि वर्गात वाटणी झाली.

"मावशी, फक्त तीनच आहेत."

"तीनला फक्त म्हणतात होय?"

गप्पी आहेत. एक नर, शेपूट एवढी रंगीत की बटणने त्याचं नाव नवरदेव ठेवलं. दोन माद्या, एक पिवळी आणि एक लठ्ठी. लठ्ठी उगाच लठ्ठ नाही, हे मी पहिल्याच नजरेत ओळखलं. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काचा बसवतेय, माझ्या डोळ्यातून काही सुटत नाही. भिंग आणून बघितलं. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, काळा ठिपका.

"ही गाभण आहे," मी म्हटलं. पोरीने अशी उडी मारली की बरणीतलं पाणी टेबलक्लॉथवर.

बटण ही माझी भाची, नऊ वर्षांची. माझ्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती, माझ्या गाऊनचं बटण मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. तेव्हापासून बटणच.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण, बटणची आई. परदेशातल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. करार संपला म्हणाली. वीस तारखेला येतेय. "आता कायमची, ताई."

मी बरं म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. अर्धी घासून झाल्यावर लक्षात आलं, ती दुपारीच घासली होती.

११ फेब्रुवारी

दुकानात माझ्या शेजारी काचा घासणारे काका आहेत, त्यांनी आयुष्यभर मासे पाळले. त्यांनी जुनी काचेची टाकी दिली, वर दोन पिशव्या भरून सूचना. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, उघड्या बादलीत एक दिवस ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. बदलायचं तेही एका वेळी पाव भाग. गाभणपण चार आठवड्यांचं. पिल्लं झाली की आई त्यांना खाऊ शकते, म्हणून टाकीच्या आत अडकवायची एक प्लॅस्टिकची डबी मिळते. मादी वरच्या कप्प्यात, पिल्लं फटीतून खाली पडतात.

"पण डबीत घालायची घाई करू नका," काका म्हणाले. "पोट चौकोनी दिसायला लागलं, ती कोपऱ्यात जाऊन थांबली, की मग. आधी कोंडलीत तर घाबरते आणि सगळंच जातं."

डबी आजच घेऊन आले. हाताशी असलेली बरी.

१५ फेब्रुवारी

रविवार. चार वाजता धाकटीचा फोन आला. मी म्हटलं, झोपलीय. बटण टाकीसमोर बसून नवरदेव लठ्ठीच्या किती वेळा मागे लागतो ते मोजत होती.

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. धाकटीचा फोन गेली पाच वर्षं दर रविवारी चारला येतो. सुरुवातीला फोन ठेवला की पोर दोन दोन तास दाराशी बसून राहायची. जेवायची नाही. दोनदा तर ताप भरला. मग मीच ठरवलं. झोपलीय, मैत्रिणीकडे गेलीय, पोहायला गेलीय. महिन्यातून एकदा द्यायची, पुढे दोन महिन्यांतून. बटणला सांगायची, आईला काम असतं. धाकटीला काम असायचंच, त्यात खोटं काय? त्यानंतर पोरीला ताप आला नाही.

धाकटीच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटला तेव्हा ती रडत माझ्याकडे आली होती. मुलगी ठेवून गेली. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, आता दोन्ही एकच. दात पडले ते माझ्या हातात पडले. गोवर माझ्यासमोर आला. वाचायला मी शिकवलं.

कायमची येतेय म्हणे.

२० फेब्रुवारी

आली. बारीक झालीय, केस पांढरे झालेत, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे हे सांगून खरं वाटणार नाही. दार उघडलं तर बटण माझ्या मागे लपली. माझा पदर घट्ट धरला होता तिने. मला जे वाटलं ते लिहू नये, पण वाटलं.

धाकटीने बॅग तिथेच उघडली आणि बूट काढले. लाल, पट्ट्याचे. सात वर्षांच्या मुलीला होतील असे. बूट हातात घेऊन नुसते उलटसुलट केले.

"लहान होतात का गं?" धाकटीने विचारलं.

"दोन वर्षांनी लहान," मी म्हटलं.

बटणने ते माझ्या हातातून घेतले. टाच मागून दाबून, चपलेसारखे घालून संध्याकाळभर घरात फटक फटक फिरली. पाय दुखतील म्हणून दोनदा ओरडले, ऐकलं नाही. मुलांना नव्या वस्तूचं वेड असतं.

२४ फेब्रुवारी

धाकटी बाहेरच्या खोलीत झोपते. इथल्या इस्पितळात तिला काम मिळालंय, दोन तारखेपासून. दुपारी घरी असते. मी दुकानातून येते तर दोघी टाकीसमोर, डोक्याला डोकं लावून. गप्पा चाललेल्या असतात, मी आले की थांबतात असं नाही, पण आवाज बदलतो.

आज जेवताना बटणने आईला डबी दाखवली. मी समजावून सांगितलं, की या माशांमधली आई आपलीच पिल्लं खाते, म्हणून जन्मली की तिच्यापासून लांब ठेवावी लागतात. दुसरा इलाज नाही. हे शास्त्र आहे, मी कोणाला टोमणा मारला नव्हता.

धाकटी घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "सगळी नाही खात, ताई. मी राहायचे तिथेही टाकी होती. टाकीत भरपूर वनस्पती घातल्या, तिला पोटभर दिलं, पिल्लांना लपायला जागा असली, की बरीच जगतात. डबीत फार दिवस ठेवू नकोस तिला."

"तुझा अनुभव मोठा," मी म्हटलं.

बटण आपल्या ताटात बघत होती. ही हल्ली जेवते कमी.

२७ फेब्रुवारी

लठ्ठीला डबीत घातलं. पोट अजून चौकोनी नाही, पण ठिपका चांगला मोठा झालाय. काका म्हणतील घाई केली. त्यांना काय, त्यांची टाकी नाही ही. मला एकही पिल्लू गमवायचं नाही.

१ मार्च

आज काय काय झालं.

सकाळी धाकटीने सांगितलं, इस्पितळाजवळ खोली मिळाली. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, गॅलरी. शाळेची बस तिथूनही जाते. पंधरा तारखेला दोघी जातील. दोघी!

"विचारलंस का तिला?" मी म्हटलं.

"विचारलं."

"आणि?"

"मावशीला विचार म्हणाली."

मला हसू आलं. म्हटलं, बघ, पोरीला कळतं कुणाला विचारायचं.

दुपारी जेवायला बसलो. बटण एकदम म्हणाली, "आई, तुझ्याकडे रविवारीपण काम असायचं?"

"नाही गं. रविवारी सुट्टी."

"मग फोन का नाही करायचीस?"

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. धाकटीने माझ्याकडे बघितलं. इतकं सरळ तिने माझ्याकडे लहानपणीसुद्धा कधी बघितलं नव्हतं. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता ओरडेल. ती बटणला म्हणाली, "तिकडचा फोन सारखा बिघडायचा."

नंतर ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहून भांडी पुसत म्हणाली, "ताई, मी दर रविवारी करत होते."

"तिला त्रास व्हायचा. तू नव्हतीस बघायला."

"हो. मी नव्हते." एवढंच. आणि ताट पुसत राहिली, कोरडं झालं तरी.

तिने मुलीसमोर माझी लाज राखली, असं आता तिला वाटत असणार. मला असले उपकार नकोत. भांडली असती तर बरं होतं, मलाही बोलता आलं असतं.

५ मार्च

लठ्ठी गेली.

नीट लिहायचं ठरवलंय, म्हणून नीट लिहिते. सकाळी उठले तर डबीचं पाणी गढूळ झालं होतं. सहा दिवस डबीत आहे, खात नव्हती, तळाशी अन्न साठलेलं. त्यात पहाटे धाकटी बटणच्या वेण्या घालत होती आणि दोघी गाणं म्हणत होत्या. माझ्याकडे बटण वेण्या घालताना डोकं हलवते, तिच्यासमोर दगडासारखी बसली होती. डोकं फिरलं माझं. बादलीत पाणी उरलं नव्हतं. टाकी ओट्यावर ओढली, अर्ध्याहून जास्त पाणी काढलं आणि नळाखालचं भांडं भरभरून ओतलं. थंड होतं. मला माहीत होतं. काकांनी सांगितलं होतं. एकदा केलं तर काय होतंय, म्हटलं, आणि दुकानात गेले.

दुपारी आले तेव्हा डबीच्या खालच्या कप्प्यात अकरा पिल्लं. दिवस भरले नव्हते. पोटाला बलकाची पिवळट गोळी तशीच लागलेली, शेपट्या गुंडाळलेल्या. दोन हलत होती. भिंगातून त्यांचे डोळे दिसले, शरीराच्या मानाने केवढे मोठे. माझ्यासमोर तीही थांबली. लठ्ठी वरच्या कप्प्यात आडवी झाली होती, कल्ले जोरजोरात चालले होते. शाळा सुटायच्या आत गेली. पिवळी आणि नवरदेव तेवढे तगले.

बटण आली, दप्तर पाठीवर तसंच, आणि टाकीशी उभी राहिली. विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "तुझ्या आईने पाणी बदललं वाटतं. नळाचं."

माझ्या तोंडातून ते इतकं सहज गेलं की मीच ऐकत राहिले. मग म्हटलं, "मुद्दाम नाही केलं तिने. तिला माहीत नसतं ना काही."

हे शेवटचं वाक्य मी चांगुलपणाने बोलले की कशाने, ठरवता येत नाहीये.

७ मार्च

बटण आईशी बोलत नाही. हो-नाहीपुरती मान हलवते. वेणी माझ्याकडून घालून घेते. काल संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून वाचत पडली, कितीतरी महिन्यांनी. मी पानसुद्धा उलटू दिलं नाही तिला, मीच उलटत होते.

धाकटी विचारते, "काय झालं गं पिल्ला?" बटण मान फिरवते. धाकटी गॅलरीत जाऊन उभी राहते.

वाईट वाटतं का? वाटतं. नाही असं नाही. पण पाच वर्षं मी एकटीने काढली त्याच्यापुढे हे दोन दिवस काय. आठवडाभर असंच राहिलं तर पोर स्वतःच म्हणेल जायचं नाही. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

आज दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काकांनी न बोलता काढून पुन्हा बसवली. "मासे कसे आहेत?" म्हणाले. मी म्हटलं, मजेत.

९ मार्च

हे आजच लिहायला हवं, उद्या मी ते वेगळं आठवीन.

संध्याकाळी धाकटी इस्पितळातून आली आणि टाकीत लठ्ठी का दिसत नाही म्हणून तिने शेवटी मलाच विचारलं. तोपर्यंत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बटण टेबलाशी गणितं सोडवत होती. मी म्हटलं, मेली. कशाने, म्हणाली. मी ओटा पुसायला घेतला. तिने माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि तिला कळलं. पाच वर्षं रोज आजारी माणसांची तोंडं वाचलीत तिने.

"ताई, तू तिला काय सांगितलंस?"

"मी कशाला काय सांगू?"

"मी त्या टाकीला बोट तरी लावलंय का?" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "फोनचं मी सोडून दिलं. म्हटलं, तू वाढवलंस, तुझा हक्क आहे. पण हे? एका माशासाठी तू माझ्या मुलीला..."

"तुझ्या मुलीला! आठवलं वाटतं आज!"

"आईने नाही बदललं पाणी," बटण म्हणाली.

पेन्सिल हातात, मान खाली.

"मी बघितलं होतं. मी दात घासायला आले होते. मावशी ओट्यावर पाणी ओतत होती."

धाकटी तिच्यापाशी गेली, गुडघ्यांवर बसली. "मग माझ्याशी का नव्हतीस बोलत, राणी?"

बटणने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सहन केलं असतं. ती मला विचारत होती, सांगू का म्हणून.

"मावशीला बरं वाटायचं," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलले की ती जेवत नाही."

मग रडायला लागली, हळू, आवाज न करता, जसं शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळू नये म्हणून रडतात. नऊ वर्षांच्या मुलीला असं रडता येतं हे मला माहीत नव्हतं. कुठे शिकली असेल?

१० मार्च

दुकानात गेले नाही. कोणाला कळवलंही नाही.

१४ मार्च

बॅगा भरून झाल्या. बटणचं सामान तीन खोक्यांत मावलं. मला वाटलं होतं जास्त असेल.

धाकटी काल म्हणाली, "ताई, तू कधीही ये. मी तुझ्यासारखं नाही करणार." एवढं बोलून तिलाच वाईट वाटलं, माझा हात धरायला आली. मी हात पुसण्याचं निमित्त काढलं. मोठेपणा दाखवायला हिला माझंच घर सापडतं.

पिवळी गाभण आहे. कधीची, कळलंच नाही, सगळं लक्ष लठ्ठीकडे. पोट चौकोनी दिसतंय. बटणने विचारलं, "पिवळी आणि नवरदेव मी नेऊ?" मी म्हटलं, तुझेच आहेत. ती म्हणाली, "तुला एकटं वाटेल तर एक ठेवते." मी म्हटलं, मला माशांशी काय बोलायचंय. तिने मान हलवली आणि बरणी धुवायला घेतली. पाणी तिने कालच बादलीत काढून ठेवलं होतं.

बरोबर करते सगळं. माझ्याकडे बघून शिकली असती तर असं शिकली नसती.

५ एप्रिल

तीन आठवड्यांनी आज गेले. मुद्दाम लवकर गेले नाही. कोणी म्हणायला नको, हिला करमत नाही.

तिसऱ्या मजल्यावर खोली आहे, खाली लाँड्री. जिन्यात साबणाचा वास. दोघींच्या पलंगावर एकच चादर. गॅलरीत कपडे धुवायची निळा टब, त्यात पाणवनस्पती एवढ्या की पाणी दिसत नाही. बटणने बोटाने त्या बाजूला केल्या.

"बघ."

पिवळी होती. तिच्या अवतीभवती, पानांच्या आत, मोहरीएवढ्या डोळ्यांची पिल्लं. मी चौदा मोजली, बटण म्हणाली सतरा. आई आणि पिल्लं एकाच पाण्यात.

"वेगळी केली नाहीस?"

"नाही. दोन खाल्ली तिने, मी बघितलं. बाकीची लपायला शिकली."

"मी म्हटलं होतं, खाते."

"हो, तू म्हणाली होतीस," बटण म्हणाली. अगदी नम्रपणे. शाळेत बाईंशी बोलतात तसं.

धाकटीने चहा केला. मी उठून कप घ्यायला गेले तर बटण म्हणाली, "तू बस, मावशी. मी आणते." कप बशीत ठेवून, दोन्ही हातांनी धरून आणला. बिस्किटं वेगळ्या बशीत. मी एक घेतलं, तर म्हणाली, "अजून घे ना, संकोच करू नको." धाकटीने शिकवलं असणार. माझ्याकडे असताना ही बिस्किटांचा डबा घेऊन माझ्या अंथरुणात बसायची.

पायात नवे बूट होते, मापाचे. वेणी एकच, सैल, मला आवडत नाही तशी. जाडी झालीय थोडी. सारखी बोलत होती, मला माहीत नसलेल्या माणसांबद्दल. मी हो हो म्हणत होते.

निघाले तेव्हा जिन्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं कमरेला मिठी मारेल. मारलीही. मग म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी येण्याआधी फोन कर हं. आम्ही घरी नसलो तर तू उगाच खाली उभी राहशील."

काळजीने म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण 'आपण' नाही म्हणाली. 'आम्ही' म्हणाली. मी बरं म्हटलं आणि कठडा धरून उतरले.

बसमध्ये शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, गप्पिष्ट. माझ्या हातातली रिकामी पिशवी बघून म्हणाली, "मुलीकडे गेला होतात वाटतं?"

"हो," मी म्हटलं.

"एकच का?"

"एकच."

"चांगलं आहे ना तिचं सगळं?"

मी म्हटलं, खूप चांगलं आहे. ती पुढे काहीतरी विचारायला लागली, नातवंडांचं. मी उठले आणि पुढच्याच थांब्यावर उतरले. माझा थांबा अजून चार थांबे पुढे होता. चालत आले.